लाल दिसलं की खरंच काहीतरी मोडलंय असं वाटलं पाहिजे: ब्राउझर टेस्टिंग शून्यापासून

आमच्या टीममध्ये एक काळ असा होता की रोज सकाळी बिल्ड (कोड बांधून सगळ्या टेस्ट आपोआप चालवणारा रन) लाल, म्हणजे नापास, असायचा आणि कुणी ढुंकूनही बघायचं नाही. "अरे ती टेस्ट तशीच आहे, परत रन कर, होईल हिरवी" हे आम्ही इतक्या सहज म्हणायचो की एक दिवस लॉगिन खरोखरच मोडलं, टेस्टने ते बरोब्बर पकडलं, आणि आम्ही सवयीने तीनदा रन करून शेवटी ती टेस्टच स्किप केली आणि रिलीज करून मोकळे झालो. पुढचे दोन तास काय झालं ते सांगत नाही, अंदाज येईलच. टूल चांगलं होतं, टेस्टही होत्या, फक्त त्यांच्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं इन्स्टॉल वगैरे भाग पटकन उरकणार आहे, ते कुणीही करतं, आणि जिथे नवीन माणूस हमखास अडकतो तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

एक आधीच सांगते, कमांड आणि सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीतच करायचीत.

आधी कागदावर

ब्राउझर टेस्ट म्हणजे प्रोग्राम खरा ब्राउझर उघडतो, तुमच्या ॲपवर जातो, माणसासारखं टाइप करतो, बटणं दाबतो आणि स्क्रीनवर अपेक्षित ते दिसलं का ते बघतो. यात फ्रंटएंड, बॅकएंड, डेटाबेस, कुकी, सगळं एकदम तपासलं जातं, हीच तिची ताकद आणि हाच तिचा त्रास. एक युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकच छोटा तुकडा तपासणारी टेस्ट, काही मिलिसेकंदांत संपते, ब्राउझर टेस्टला काही सेकंद लागतात, आणि मध्ये मोडण्यासारख्या जागा पन्नास असतात. म्हणून "पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा कमी असेल तर मेसेज येतो का" असल्या बारीक गोष्टी इथे तपासू नका, त्यासाठी युनिट टेस्ट आहेत.

इथे काय तपासायचं ते ठरवायला मी एकच प्रश्न विचारते, हे बंद पडलं तर मला रात्री फोन येईल का? उदाहरणासाठी आपण एक वाचनालयाचं वेब ॲप धरू. सभासद लॉगिन करतो, पुस्तक शोधतो, राखून ठेवतो, "माझी पुस्तकं" मध्ये बघतो, नको असेल तर रद्द करतो. झालं, या चार-पाच वाटा म्हणजे तुमचा पहिला महिना. प्रोफाइल फोटो बदलता येतो का हे नंतर कधीतरी. नवीन लोक पहिल्या आठवड्यात चाळीस टेस्ट लिहितात आणि दुसऱ्या महिन्यात त्यातल्या पस्तीस कमेंट करून ठेवतात, मीही त्यातलीच होते.

टूल कुठलं

यावर लोक तासन् तास भांडतात, मी दोन परिच्छेदांत आवरते. सेलेनियम हे सगळ्यात जुनं, २००४ पासूनचं. पुढे वेबड्रायव्हर नावाचा ब्राउझर चालवायचा वेगळा प्रकार त्यात मिसळला आणि २०१८ मध्ये तो डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत स्टँडर्ड झाला. जवळजवळ प्रत्येक भाषेत चालतं, प्रत्येक ब्राउझरला ड्रायव्हर, म्हणजे त्याला बाहेरून चालवणारा छोटा प्रोग्राम, आहे. तुमच्या टीममध्ये आधीच सेलेनियम असेल आणि ठीक चालत असेल तर फक्त फॅशन म्हणून बदलू नका. पूर्वी ब्राउझर अपडेट झाला की ड्रायव्हरचं व्हर्जन जुळेना आणि सगळं बंद, ही डोकेदुखी असायची, आता सेलेनियम मॅनेजर ते बरंचसं स्वतःच बघतो. सायप्रेस ॲपच्या शेजारीच, ब्राउझरच्या आत चालतं, त्यामुळे डीबग करताना मजा येते, पण एकाच टेस्टमध्ये दोन टॅब किंवा दोन ब्राउझर चालवायचे म्हटलं की अडचण होते.

शून्यापासून सुरू करणाऱ्याला मी प्लेराइट सांगते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलं, त्यामागची मूळ माणसं आधी गूगलमध्ये पपेटिअर या ब्राउझर चालवणाऱ्या टूलवर काम करत होती. क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट तिन्ही चालतात, जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, पायथन, जावा आणि डॉटनेट या भाषांत लिहिता येतं. माझ्यासाठी कळीचं कारण म्हणजे ते वाट बघण्याचं काम बरंचसं स्वतः करतं, आणि टेस्ट पडली की नेमकं काय झालं हे नंतर फ्रेम बाय फ्रेम दाखवतं. पुढे सगळं प्लेराइट आणि टाइपस्क्रिप्ट धरून लिहितेय, पण लोकेटर, वाट बघणं, डेटा हे भाग कुठल्याही टूलला लागू आहेत.

इन्स्टॉल, पटकन

नोडचं (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चालू एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारं, व्हर्जन मशीनवर हवं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि एनपीएम इनिट प्लेराइट ॲट लेटेस्ट चालवा. ते चार प्रश्न विचारतं: टाइपस्क्रिप्ट की जावास्क्रिप्ट, टेस्ट कुठल्या फोल्डरमध्ये, गिटहब ॲक्शन्सची फाइल बनवू का, ब्राउझर डाउनलोड करू का. गिटहब वापरत असाल तर तिसऱ्याला हो म्हणा, आज लागणार नाही असं वाटलं तरी. डाउनलोड मोठं असतं, कारण ते तुमच्या मशीनवरचा क्रोम न वापरता स्वतःचे ब्राउझर आणतं, प्रत्येक प्लेराइट व्हर्जनला ठरावीक ब्राउझर व्हर्जन. हे वैतागवाणं वाटतं पण फायद्याचं आहे, तुमचा क्रोम रात्रीत अपडेट झाला म्हणून सकाळी टेस्ट पडत नाहीत. याचीच दुसरी बाजू अशी की प्लेराइटचं पॅकेज अपडेट केलंत की एनपीएक्स प्लेराइट इन्स्टॉल परत चालवावं लागतं, नाहीतर "एक्झिक्युटेबल सापडत नाही" असा एरर येतो आणि माणूस उगाच पाथ शोधत बसतो.

आता एनपीएक्स प्लेराइट टेस्ट चालवा. सोबत आलेली नमुना टेस्ट तिन्ही ब्राउझरमध्ये चालेल आणि स्क्रीनवर काहीच उघडणार नाही, कारण डीफॉल्ट हेडलेस आहे, म्हणजे ब्राउझर पडद्यामागे चालतो. डोळ्यांनी बघायचं असेल तर शेवटी डॅश डॅश हेडेड लावा, आणि रोज लिहिताना डॅश डॅश यूआय वापरा, त्यात डावीकडे टेस्टची यादी आणि उजवीकडे प्रत्येक स्टेपला पेज कसं दिसत होतं ते दिसतं. अजून एक गंमत, लोकल मशीनवर टेस्ट पडली की रिपोर्ट आपोआप ब्राउझरमध्ये उघडतो आणि टर्मिनल नुसतं थांबून राहतं. ते हँग झालेलं नसतं, रिपोर्टचा छोटा सर्व्हर चालू असतो, कंट्रोल सी मारा.

कॉन्फिग फाइलमध्ये पहिल्या दिवशी एवढंच

प्लेराइट डॉट कॉन्फिग डॉट टीएस उघडा. बरंच काही दिसेल, घाबरू नका, आज तीनच गोष्टी.

पहिली, प्रोजेक्ट्सच्या यादीत फायरफॉक्स आणि वेबकिट तात्पुरते कमेंट करा. पहिले दोन आठवडे फक्त क्रोमियम. तीन ब्राउझर म्हणजे तिप्पट वेळ आणि तिप्पट गोंधळ, आणि सुरुवातीला जे मोडतं ते तिन्हीकडे सारखंच मोडतं.

दुसरी, बेस यूआरएल. तुमचं ॲप डेव्हलपमेंटमध्ये ज्या पत्त्यावर चालतं तो इथे एकदाच लिहा, मग टेस्टमध्ये फक्त स्लॅश लॉगिन, स्लॅश पुस्तकं असं लिहायचं. उद्या स्टेजिंगवर, म्हणजे रिलीजआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर, चालवायच्या झाल्या तर एकच ओळ बदलते.

तिसरी, वेबसर्व्हर नावाचा भाग. यात तुमचा सर्व्हर सुरू करायची कमांड आणि पत्ता दिला की प्लेराइट स्वतः सर्व्हर उठवतं, पत्ता उत्तर देईपर्यंत थांबतं, टेस्ट चालवतं आणि शेवटी बंद करतं. "रीयूज एक्झिस्टिंग सर्व्हर" हे सेटिंग लोकल मशीनवर चालू आणि सीआयवर (कोड ढकलला की टेस्ट आपोआप चालवणारं सामायिक मशीन) बंद ठेवायचं, म्हणजे तुमचा सर्व्हर आधीच चालू असेल तर तोच वापरेल. इथे एक खड्डा आहे ज्यात मी अख्खा अर्धा दिवस घालवला: ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट व्यवस्थित उघडतंय आणि प्लेराइट मात्र म्हणतंय सर्व्हर उठलाच नाही. कारण असं की नोड १७ पासून लोकलहोस्टचा (तुमच्याच मशीनचं नाव) अर्थ आधी आयपीव्हीसिक्सचा, म्हणजे नव्या पद्धतीचा, पत्ता असा लागू शकतो, आणि तुमचा सर्व्हर फक्त जुन्या आयपीव्हीफोरवर ऐकत असेल तर एकाचा पाय पूर्वेला आणि दुसऱ्याचा पश्चिमेला. दोन्हीकडे सरळ १२७.०.०.१ लिहा, मिटलं.

पहिली टेस्ट, आणि ती मुद्दाम पाडायची

लॉगिनपासून सुरू करा. एक फाइल, नाव लॉगिन डॉट स्पेक डॉट टीएस. आत एक टेस्ट: लॉगिन पेजवर जा, ईमेलच्या लेबलवरून खाना शोध आणि भर, पासवर्ड भर, "प्रवेश करा" बटण दाब, आणि मग "माझी पुस्तकं" हे हेडिंग दिसतंय अशी अपेक्षा कर. पाच-सहा ओळी. हाताने लिहायला कंटाळा येत असेल तर एनपीएक्स प्लेराइट कोडजेन आणि पुढे पत्ता असं चालवा, ब्राउझर उघडेल, तुम्ही क्लिक करत जाल तसा कोड बनत जाईल. शिकायला उत्तम आहे, पण बनलेला कोड तसाच ठेवू नका. तुम्ही चुकून दोनदा क्लिक केलंत तर तेही त्यात येतं, आणि शेवटी काय तपासायचं हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. नुसते क्लिक आणि एकही अपेक्षा नाही अशी टेस्ट मी रिव्ह्यूमध्ये कितीतरी वेळा पाहिलीय, ती कायम हिरवीच.

टेस्ट हिरवी झाली? आता ॲपच्या कोडमध्ये जाऊन लॉगिन मोडा. सर्व्हरने कायम चूक असं उत्तर द्यावं असं करा, किंवा बटणाचा हँडलर काढून टाका, आणि टेस्ट परत चालवा. लाल झाली पाहिजे. नाही झाली तर ती टेस्ट काहीच तपासत नव्हती. दोन मिनिटांचं काम आहे आणि मी आजही प्रत्येक नवीन टेस्टसाठी करते, कारण एकदा असं झालं होतं की "माझी पुस्तकं" हे शब्द लॉगिन पेजच्या फूटरमध्येही होते आणि आमची टेस्ट लॉगिन झालं नाही तरी खुशाल पास होत होती.

वस्तू शोधायची कशी

पेजवरचं बटण टेस्टला ओळखून देणं म्हणजे लोकेटर. सेलेनियमच्या जुन्या ट्यूटोरियलमध्ये एक्सपाथ आणि लांबच लांब सीएसएस सिलेक्टर, म्हणजे पेजच्या रचनेतून वस्तूपर्यंतचा पत्ता, असतात, डिव्हच्या आत तिसरा डिव्ह, त्यातला दुसरा बटण वगैरे. डिझायनरने एक डिव्ह वाढवला की संपलं. ॲप ठणठणीत, टेस्ट लाल, आणि विश्वास उडायला इथूनच सुरुवात होते.

त्याऐवजी माणूस जसं ओळखतो तसं ओळखा. गेट बाय रोल सगळ्यात आधी, म्हणजे "बटण आहे आणि त्याचं नाव राखून ठेवा". फॉर्मच्या खान्यांसाठी गेट बाय लेबल. नुसत्या मजकुरासाठी गेट बाय टेक्स्ट. आणि हे काहीच जमत नसेल तर ॲपच्या एचटीएमएलमध्ये डेटा टेस्टआयडी हा ॲट्रिब्यूट घाला आणि गेट बाय टेस्ट आयडी वापरा. काही लोक थेट टेस्ट आयडीपासूनच सुरू करतात, कारण मजकूर बदलत राहतो किंवा ॲप दोन-तीन भाषांत आहे, आणि ते चुकीचं नाही. मला रोल आवडतो त्याचं कारण वेगळं: रोलने बटण सापडत नसेल तर बहुतेक वेळा ते बटणच नसतं, कुणीतरी डिव्हला क्लिक लावून बटणासारखं रंगवलेलं असतं, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ते सापडत नसतं. म्हणजे टेस्ट लिहिता लिहिता फुकटात एक खरा बग मिळाला.

पुस्तकांच्या यादीत प्रत्येक ओळीला "राखून ठेवा" बटण असेल तर प्लेराइट तक्रार करतं, स्ट्रिक्ट मोडचा एरर, की या नावाची बारा बटणं आहेत, नेमकं कुठलं दाबू? इथे नवीन माणूस डॉट फर्स्ट, म्हणजे पहिलं सापडेल ते, लावून मोकळा होतो. नका करू. यादीचा क्रम बदलला की टेस्ट भलतंच पुस्तक राखून ठेवेल. आधी ओळ शोधा, फिल्टर वापरून ज्या ओळीत आपल्या पुस्तकाचं नाव आहे ती, आणि मग त्या ओळीच्या आतलं बटण.

थांबायचं कशासाठी, किती वेळ नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. डळमळीत टेस्ट, म्हणजे कधी हिरवी कधी लाल, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी वाट बघण्याची चूक असते असा माझा अनुभव.

पेज लोड व्हायला वेळ लागतो, सर्व्हरचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि टेस्ट मात्र सुसाट पळते. मग कुणीतरी मध्ये वेट फॉर टाइमआउट टाकतं, दोन सेकंद थांब. तुमच्या लॅपटॉपवर चालतं. सीआयचं मशीन हळू, तिथे अडीच सेकंद लागतात, लाल. मग पाच सेकंद करतात. पन्नास टेस्टमध्ये असे दोनशे थांबे झाले की सगळा सेट वीस मिनिटांचा होतो, आणि तरीही अधूनमधून पडतोच. सेकंद मोजू नका, कुठली गोष्ट घडायची वाट बघतोय ते सांगा.

प्लेराइट क्लिक करायच्या आधी स्वतःच बघतं की ती वस्तू दिसतेय का, हलत नाहीये ना, एनेबल आहे का, आणि तिच्यावर दुसरं काही आडवं आलेलं नाही ना. अपेक्षांचंही तसंच, एक्स्पेक्ट मध्ये लोकेटर देऊन टू बी व्हिजिबल म्हटलं की ते डीफॉल्टने ५ सेकंद पुन्हा पुन्हा बघत राहतं, आणि पूर्ण टेस्टची मर्यादा ३० सेकंद असते. म्हणजे योग्य तऱ्हेने लिहिलं तर वेगळं थांबायची गरजच क्वचित पडते. फक्त "योग्य तऱ्हेने" यात चार चोरवाटा आहेत.

एक, इज व्हिजिबल ही फंक्शन. दिसायला टू बी व्हिजिबलची बहीण, पण ही अजिबात थांबत नाही, या क्षणी दिसतंय का ते हो-नाही सांगून मोकळी होते. तिचं उत्तर एक्स्पेक्टमध्ये घालून खरं आहे का ते तपासलंत तर नशिबावर टेस्ट चालते.

दोन, अवेट (ही गोष्ट संपेपर्यंत थांब असं सांगणारा शब्द) विसरणं. क्लिकच्या आधी अवेट नसेल तर क्लिक सुरू होतो आणि टेस्ट पुढे पळते, कधी जमतं कधी नाही, आणि एरर भलत्याच ओळीवर दिसतो. हे डोळ्यांनी पकडणं अवघड, ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलच्या टाइपस्क्रिप्ट प्लगइनमधला नो फ्लोटिंग प्रॉमिसेस हा नियम चालू करा, तो पकडतो. पहिल्याच दिवशी करा.

तीन, "नाहीये" तपासणं. समजा राखीव पुस्तक रद्द केल्यावर ते यादीत नसावं असं तपासायचंय. तुम्ही "माझी पुस्तकं" पेजवर गेलात आणि लगेच म्हणालात की या नावाच्या ओळी शून्य असाव्यात. पेज अजून रिकामं आहे, यादी आलेलीच नाही, म्हणजे ओळी शून्यच आहेत, टेस्ट पास! रद्द झालं असो वा नसो. म्हणून आधी यादी आली याचा काहीतरी पुरावा घ्या, "एकूण ३ पुस्तकं" असा मजकूर किंवा ज्याला हात लावलेला नाही असं दुसरं पुस्तक दिसणं, आणि मग नसल्याची अपेक्षा. ही चूक लाल होत नाही म्हणून कुणाला सापडतच नाही, मला तरी सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटते.

चार, सर्व्हरवरून आधीच रेंडर होऊन येणारी पेजेस. बटण दिसतं, एनेबलही असतं, पण मागचं जावास्क्रिप्ट अजून जोडलं गेलेलं नसतं. प्लेराइट क्लिक करतं, क्लिक हवेत विरतो, काहीच होत नाही. इथे टेस्टमध्ये जुगाड करण्यापेक्षा ॲप सुधारा, जावास्क्रिप्ट तयार होईपर्यंत बटण डिसेबल ठेवा. नेट हळू असलेल्या खऱ्या वापरकर्त्याचाही क्लिक असाच वाया जात असतो.

जाता जाता, "खरंच रद्द करायचं का?" असा ब्राउझरचा कन्फर्म डायलॉग तुमच्या ॲपमध्ये असेल तर प्लेराइट तो आपोआप नाकारतं. तुम्ही हँडलर लावला नाहीत तर रद्द कधीच होणार नाही आणि कारण स्क्रीनवर दिसणारही नाही. हँडलर क्लिकच्या आधी लावायचा, नंतर नाही.

प्रत्येक वेळी लॉगिन नको

प्लेराइट प्रत्येक टेस्टला नवाकोरा ब्राउझर कॉन्टेक्स्ट देतं, म्हणजे कुकी नाहीत, इतिहास नाही, मागच्या टेस्टचं काही चिकटलेलं नाही. छान आहे, पण मग दर टेस्टला लॉगिन करायचं का? एकदाच करा. एक सेटअप प्रोजेक्ट बनवा जो लॉगिन करतो आणि स्टोरेज स्टेट, म्हणजे लॉगिन झालेल्या ब्राउझरची स्थिती, फाइलमध्ये ठेवतो, बाकीचे प्रोजेक्ट त्याच्यावर अवलंबून आहेत असं कॉन्फिगमध्ये सांगा आणि त्यांना ती फाइल द्या. त्या फाइलमध्ये कुकी आणि लोकल स्टोरेज असतं, सेशन स्टोरेज नसतं, त्यामुळे तुमचा टोकन (लॉगिन झाल्याची खूण) सेशन स्टोरेजमध्ये असेल तर हे असंच्या असं चालणार नाही. आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, गेलीच पाहिजे, त्यात चालू सेशन असतं, ती रेपोमध्ये ढकलणं म्हणजे किल्ली दारालाच लटकवून जाणं. लॉगिनची स्वतःची टेस्ट मात्र रिकाम्या स्टेटनेच चालवा.

डेटा: एका पुस्तकावरून भांडण

आमच्या एका टेस्टमध्ये पुस्तक राखून ठेवायचं होतं, दुसरीत तेच पुस्तक उपलब्ध आहे असं दिसायला हवं होतं. डेटाबेसमध्ये त्याची एकच प्रत. एकेकटी चालवली की दोन्ही हिरव्या, एकत्र चालवल्या की कधी ही पडायची कधी ती. प्लेराइट डीफॉल्टने निरनिराळ्या फाइल एकाच वेळी वेगवेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये चालवतं, आणि तयार मिळणाऱ्या कॉन्फिगमध्ये फुली पॅरलल चालू असतं म्हणजे एका फाइलमधल्या टेस्टही एकत्र पळतात. ब्राउझर वेगळे असले तरी मागचा डेटाबेस एकच ना.

नियम साधा ठेवा, ज्या टेस्टला जो डेटा बदलायचाय तो तिने स्वतः बनवायचा. आणि तो स्क्रीनवरून बनवू नका, एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरशी थेट बोलून, बनवा. प्लेराइटमध्ये रिक्वेस्ट नावाची सोय आहे, टेस्टच्या सुरुवातीला सर्व्हरला थेट सांगायचं की या नावाचं पुस्तक तयार कर, नावात काहीतरी रँडम जोडायचं म्हणजे दुसऱ्या टेस्टशी टक्कर होत नाही, आणि मग ब्राउझरमध्ये फक्त राखून ठेवण्याचा भाग करायचा. टेस्ट झटपट होते आणि "पुस्तक जोडा" पेज मोडलं तर फक्त त्याचीच टेस्ट पडते, सगळ्या नाही.

शेवटी साफसफाई करायची का? केलीत तर चांगलंच, पण तिच्यावर विसंबू नका. प्रोसेस मध्येच मेली की साफसफाई होत नाही, आणि पुढच्या रनला जुना कचरा आडवा येतो. टेस्ट अशी लिहा की कचरा असला तरी तिला फरक पडू नये. "यादीत एकूण ५ पुस्तकं आहेत" असं मोजण्यापेक्षा "मी बनवलेलं पुस्तक यादीत आहे" असं बघा.

बाहेरच्या सेवा, पेमेंट, नकाशा, ईमेल पाठवणारी कंपनी, यांना टेस्टमध्ये खरोखर हात लावू नका. ब्राउझरमधून जाणाऱ्या रिक्वेस्ट पेज रूटने मध्येच अडवून खोटं उत्तर देता येतं. पण स्वतःचं बॅकएंड असं खोटं करू नका, मग ब्राउझर टेस्ट लिहायचा उद्देशच संपला.

सीआय, आणि तेही पहिल्याच आठवड्यात

एकच टेस्ट असली तरी ती सीआयवर न्या. लॅपटॉपवर चालणाऱ्या तीस टेस्ट एकदम सीआयवर नेल्या की तीस भानगडी एकदम समोर येतात, एक नेली की एकच. सुरुवातीला हो म्हणाला असाल तर वर्कफ्लो फाइल तयार आहेच: पॅकेजेस बसवते, ब्राउझर विथ डेप्स लावून बसवते म्हणजे लिनक्सला लागणाऱ्या सिस्टम लायब्ररी पण येतात, टेस्ट चालवते, रिपोर्ट जपून ठेवते. डॉकर इमेज (सगळं आधीच बसवलेलं तयार मशीन) वापरणार असाल तर इमेजचं व्हर्जन आणि पॅकेजचं व्हर्जन तंतोतंत सारखं ठेवा.

तयार कॉन्फिगमध्ये सीआयसाठी तीन गोष्टी असतात. फॉरबिड ओन्ली, म्हणजे कुणी टेस्ट डॉट ओन्ली विसरून कमिट केलं तर बिल्ड पडतो, नाहीतर एकच टेस्ट चालून सगळं हिरवं दिसलं असतं. वर्कर एक, म्हणजे सीआयवर एका वेळी एकच, सुरुवातीला राहू द्या. आणि रीट्राय दोन. या तिसऱ्याबद्दल सावध राहा, टेस्ट पहिल्यांदा पडली आणि दुसऱ्यांदा पास झाली तर रिपोर्टमध्ये फ्लेकी, म्हणजे डळमळीत, असा शिक्का येतो पण बिल्ड हिरवाच राहतो. आठवड्यातून एकदा कुणीतरी तो फ्लेकीचा रकाना उघडून बघायचा हे कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर आमच्यासारखं होईल.

लॅपटॉपवर हिरवी आणि सीआयवर लाल, याची नेहमीची कारणं: मशीन हळू, टाइमझोन वेगळा, फॉन्ट वेगळे. सीआयचं मशीन बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, त्यामुळे "आज परत करायचं पुस्तक" असली तारखेची टेस्ट दिवसाच्या ठरावीक वेळीच पडते आणि भुताटकी वाटते. कॉन्फिगमध्ये टाइमझोन आयडी आणि लोकेल स्पष्ट लिहा. हे फक्त ब्राउझरला लागू होतं बरं का, सर्व्हरचा टाइमझोन तुम्हालाच बघायचाय.

लाल झाली, आता काय

लगेच परत रन करू नका, आधी ट्रेस, म्हणजे टेस्ट चालतानाची नोंद, बघा. ट्रेस ऑन फर्स्ट रीट्राय हे सेटिंग आधीच असतं, म्हणजे सीआयवर टेस्ट पडून परत चालली की त्या वेळची सगळी नोंद एका झिप फाइलमध्ये राहते. रिपोर्टमधून उघडा, प्रत्येक स्टेपच्या आधी आणि नंतर पेज कसं होतं, कन्सोलमध्ये काय आलं, कुठली रिक्वेस्ट पाचशेने, म्हणजे सर्व्हरच्या एररने, परत आली, सगळं दिसतं. बऱ्याचदा दोन मिनिटांत कळतं की टेस्ट चुकली की ॲप. फक्त लक्षात ठेवा की ट्रेसमध्ये टाइप केलेले पासवर्ड आणि टोकनही असतात, त्यामुळे टेस्टसाठी खरी खाती वापरू नका आणि ती फाइल कुठेही उघड्यावर शेअर करू नका.

दोन आठवडे हे सगळं शांतपणे चाललं की फायरफॉक्स आणि वेबकिटच्या कमेंट काढा. वेबकिट म्हणजे हुबेहूब सफारी नव्हे, इंजिन तेच पण बिल्ड वेगळा, तरी सफारीत मोडणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिथे सापडतात. स्क्रीनशॉट जुळवून बघणाऱ्या टेस्ट मात्र अजून थोड्या लांब ठेवा, मॅकवर घेतलेला फोटो लिनक्सशी जुळत नाही, अक्षरांच्या कडा वेगळ्या येतात, आणि परत तेच, लाल पण काही मोडलेलं नाही.

आणि डळमळीत टेस्ट सापडलीच तर तिला टेस्ट डॉट फिक्समी लावा, म्हणजे ती चालणार नाही पण रिपोर्टमध्ये दिसत राहील, सोबत तिकीट आणि कुणाचं तरी नाव. दोन आठवड्यांत दुरुस्त झाली नाही तर सरळ डिलीट करा, गिटमध्ये आहेच. नवीन टेस्ट मर्ज करायच्या आधी मी ती डॅश डॅश रिपीट ईच वीस लावून चालवते, एकच टेस्ट वीस वेळा. वीसपैकी एकोणीस हिरव्या आल्या तर ती मर्ज होत नाही, मग कुणी कितीही घाईत असो.